मैदानावरचे महाजन

१ एप्रिल २०२४ च्या रात्री मुंबईच्या वानखेडे मैदानावर मुंबई आणि राजस्थान ह्या दोन संघांचा सामना होता, आणि आमच्या मडगावच्या घरी दिवाणखान्यात तीन पिढ्या दूरदर्शन संचासमोर बसल्या होत्या. नाणेफेकीसाठी मुंबईचा नवा कप्तान हार्दिक पंड्या मैदानात आला आणि प्रेक्षागारातून जो आवाज उठला तो स्वागताचा नव्हता. मुंबईकरांनी मुंबईच्याच कप्तानाची हुर्यो उडविली होती. पाच वेळा अजिंक्यपद मिळवून देणाऱ्या रोहित शर्माला बाजूला सारून त्याच्या जागी हा बडोद्याचा गडी आणून बसविला, हा त्याचा अपराध. आमचे सोळा वर्षांचे चिरंजीव त्या आवाजात घरबसल्या आपला आवाज मिळवीत होते. आमचे वडील पंचाहत्तरीला टेकलेले. त्यांनी चष्मा काढून नातवाकडे पाहिले.

“आपल्याच कप्तानाक अशें करतात? हें खंयचें शास्त्र?”

“आजो, हांव मुंबयचो न्हय. हांव रोहितचो.”

वडील गप्प बसले. ते गप्प बसले म्हणजे त्यांना पटले असे नव्हे, हे आम्ही चाळीस वर्षांच्या अनुभवाने जाणतो. त्यांच्या मते खेळाडूसंबंधी पहिला आणि शेवटचा प्रश्न एकच असतो: “तो खंयचो?” त्याचे उत्तर मिळाले की आपण त्याच्या बाजूने की विरुद्ध हे आपोआप ठरते. नातवाच्या लेखी त्या प्रश्नाला अर्थच उरलेला नाही.

आमच्या व्यवसायाची सवय अशी की घरातल्या भांडणातही आम्हांस कायद्याचे कलम दिसू लागते. व्हाइसरॉयच्या मंडळावर पुढे विधिसदस्य म्हणून आलेल्या सर हेन्री मेन ह्यांनी १८६१ साली आपल्या प्राचीन कायद्यावरील ग्रंथात असा सिद्धान्त मांडला की प्रगत समाजांची वाटचाल जन्मसिद्ध स्थानाकडून कराराकडे होत आली आहे. माणूस कोणाच्या पोटी जन्मला ह्यावर पूर्वी त्याचे हक्क आणि कर्तव्ये ठरत. पुढे तो स्वतः काय कबूल करतो ह्यावर ती ठरू लागली. आमच्या वाचकांस हा सिद्धान्त समजून घ्यावयास लंडनला जाण्याची गरज नाही. आपल्या ग्रामदेवतेच्या देवळात जावे. गोव्यातील देवस्थानांसाठी पोर्तुगीज सरकारने १९३३ साली जी नियमावली केली, आणि जी मुक्तीनंतरही चालू राहिली, तिच्याप्रमाणे देवळाचा महाजन हा मुळात जन्माने महाजन असतो. त्याने अर्ज केलेला नसतो, वर्गणी भरलेली नसते. तो दुबईत राहो की पुण्यात, वर्षांतून एकदा जत्रेला येवो की न येवो, वहीत त्याचे नाव चढते. आमच्या वडिलांची पिढी ही मैदानावरची महाजन होती, आणि नातू मैदानावर करार करून येतो, आणि मोडतोही.

इतके म्हणून थांबता आले असते. पण इतिहास चाळू लागलो आणि प्रकरण वाटले तितके सरळ निघाले नाही.

जन्मसिद्ध निष्ठेचे सर्वांत शुद्ध रूप पाहावयाचे तर मुंबईच्या जुन्या जातवार सामन्यांकडे वळले पाहिजे. १८९२ साली पारशी आणि युरोपियन ह्यांच्या सामन्यांपासून सुरुवात झाली. १९०७ साली हिंदू आले आणि तिरंगी स्पर्धा झाली. १९१२ साली मुसलमानांचा संघ येऊन ती चौरंगी झाली, आणि १९३७ साली ‘दि रेस्ट’ म्हणजे उरलेसुरले, ख्रिस्ती वगैरे, ह्यांचा संघ येऊन पंचरंगी झाली. प्रेक्षकाला निवड करावयाची नव्हतीच. तो ज्या घरात जन्मला ते घर त्याचा तंबू ठरवून मोकळे झालेले असे. आणि त्या बंधनात केवढा उत्साह होता! १ डिसेंबर १९२६ रोजी गिलिगनच्या एम. सी. सी. संघाविरुद्ध हिंदूंकडून सी. के. नायडूंनी ११ षटकार मारून ११६ मिनिटांत १५३ धावा काढल्या, तेव्हा बातमी शहरात पसरून माणसे कचेऱ्या सोडून धावली, झाडांवर आणि आसपासच्या छपरांवर चढली. १९३४ पासून बॉबी तल्यारखान नभोवाणीवरून एकटेच दिवसभर समालोचन करू लागले आणि मैदानाबाहेरची माणसेही त्या गर्दीत सामील झाली. ज्यांनी तो काळ पाहिला ते त्याविषयी जत्रेविषयी बोलावे तसे बोलत.

परंतु ‘आपला हिंदू संघ’ ह्या शब्दांतील ‘आपला’ कोणाचा, हा प्रश्न त्या संघाच्या जन्मापासूनच त्याला चिकटलेला होता. ह्या संघाचा सर्वांत मोठा गोलंदाज पालवणकर बाळू. जन्म धारवाडचा, जात चांभार. पुण्याच्या युरोपियन क्लबात खेळपट्टी झाडावयाची, जाळी लावावयाची, ही त्यांची नोकरी. तेथल्या गोऱ्या खेळाडूंना गोलंदाजी करता करता डावखुरी फिरकी सिद्ध झाली. पुण्याच्या हिंदू क्लबाने त्यांना खेळावयास घेतले खरे, कारण युरोपियनांना हरवावयाचे होते. पण चहाची वेळ झाली की बाकीचे आत चिनी मातीच्या पेल्यांतून पीत आणि बाळूंना बाहेर, टाकून द्यावयाच्या मातीच्या भांड्यातून. चेंडू त्यांच्या हातचा चालत होता, पेला चालत नव्हता. पुढे मुंबईत हिंदू जिमखान्याकडून ते खेळले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरविले त्या विजयात त्यांचा मोठा वाटा होता. १९११ साली हिंदी संघ विलायतेस गेला तेव्हा त्यांनी एकट्याने शंभराहून अधिक बळी घेतले. कप्तानपद मात्र त्यांना मिळाले नाही.

ते मिळण्यासाठी त्यांच्या धाकट्या भावांना भांडावे लागले. १९२० साली विठ्ठल आणि शिवराम ह्या दोघा पालवणकर बंधूंनी ह्या अन्यायाच्या निषेधार्थ संघातून अंग काढून घेतले. १९२३ साली अखेर विठ्ठल हिंदूंचे कप्तान झाले, आणि त्या वर्षी हिंदूंनी युरोपियनांना हरविल्यावर उच्चवर्णीय म्हणविणाऱ्या प्रेक्षकांनीच त्यांना उचलून घेतले. आमच्या वाचकांनी दोन वर्षे मनात ताडून पाहावीत. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० सालचा. म्हणजे देवळाचे दार उघडावे म्हणून सत्याग्रह होण्याच्या सात वर्षे आधी मैदानावरच्या गर्दीने ज्याला खांद्यावर घेतले, त्याच्या जातभाईला ती गर्दी घरी गेल्यावर देवळाच्या पायरीवर उभा करीत नव्हती. विठ्ठलांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ ह्या नावाने मराठीत आत्मचरित्र लिहिले आहे. ज्यांना जन्मसिद्ध निष्ठेचे गोडवे गावयाचे आहेत त्यांनी आधी ते मिळवून वाचावे, असे आम्ही वडिलांनाही सुचविले आहे.

१९३७ साली आणखी एक मजेदार गोष्ट घडली, आणि वकिलाच्या दृष्टीने ती महत्त्वाची आहे. ब्रेबॉर्न स्टेडियम नुकतेच उघडले होते आणि पंचरंगी सामने तेथे व्हावयाचे होते. प्रेक्षकांच्या जागांची वाटणी झाली तेव्हा आपल्या वाट्याला जागा कमी आल्या म्हणून हिंदू जिमखाना रुसला, आणि त्या वर्षी हिंदूंचा संघ खेळलाच नाही. खेळाडूंच्या मानापमानावरून नव्हे, प्रेक्षकांच्या खुर्च्यांवरून! प्रेक्षक हा त्या दिवशी पक्षकार झाला.

डिसेंबर १९४० मध्ये गांधीजींनी ह्या सामन्यांविषयी आपले मत सांगितले. महाविद्यालयांचे किंवा संस्थांचे सामने समजू शकतात, पण हिंदू, पारशी, मुसलमान असे संघ कशासाठी हे आपल्याला कधी कळले नाही, आणि ते बंद व्हावेत म्हणणाऱ्यांविषयी आपल्याला सहानुभूती आहे, असा त्याचा भाव होता. सामने त्यानंतरही चालले आणि गर्दीही हटली नाही. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव सोडला. विजय मर्चंट नाबाद २५०. उत्तरादाखल ‘रेस्ट’चा पहिला डाव १३३ मध्ये आटोपला, आणि दुसऱ्या डावातील ३८७ पैकी ३०९ धावा एकट्या विजय हजाऱ्यांच्या. ३०० धावांच्या एका भागीदारीत त्यांचे बंधू विवेक ह्यांचा वाटा २१ धावांचा होता. हिंदू एका डावाने जिंकले; पण लोकांच्या आठवणीत राहिले ते हरलेल्या बाजूचे ३०९.

हे हजारे सांगलीचे, मराठी ख्रिस्ती घराण्यातले, बडोदे संस्थानच्या नोकरीत. त्या दिवशी ब्रेबॉर्नवर बडोद्याचा एखादा हिंदू प्रेक्षक बसला असेल तर त्याने कोणाच्या बाजूने असावयाचे होते? धर्म एक सांगतो, गाव दुसरे सांगते, भाषा तिसरे. जन्माची निष्ठा एकच असते असे आपण धरून चालतो, तेथेच आपली चूक होते. जन्म एक, पण त्याची खाती अनेक. १९४६ नंतर ही स्पर्धा कायमची बंद झाली आणि निदान एक खाते मिटले.

दुसरे खाते संस्थानांचे. येथे आमच्या मातामहांचा संबंध येतो. ते इंदुरास होळकर सरकारच्या नोकरीत होते आणि रामबागेत राहत. रणजी करंडकाची स्पर्धा १९३४ साली सुरू झाली होती. पण तिला खरा रंग चढला तो सी. के. नायडूंच्या कप्तानीखाली होळकर संघ उतरल्यावर. १९४४-४५ ते १९५४-५५ ह्या ११ हंगामांत होळकर संघ १० वेळा अंतिम सामन्यात पोहोचला आणि चार वेळा जिंकला. १९४५-४६ साली इंदुरात म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२, एका डावात सहा शतके. मातामहांना ती सहा नावे गणपतीच्या आरतीसारखी पाठ होती आणि म्हातारपणी ते ती अनुक्रम न चुकविता म्हणत.

आता हा संघ कोणाचा होता पाहा. कप्तान नायडू मूळचे नागपूरचे आणि तेलुगू घराण्यातले. मुश्ताक अली इंदूरचेच. सरवटे, जगदाळे, भाऊसाहेब निंबाळकर ही मराठी मंडळी. मार्च १९४५ च्या अंतिम सामन्यात तर महूच्या छावणीत लष्करी नोकरीवर असलेला इंग्रज फलंदाज डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळला आणि त्याने नाबाद २४९ धावा काढल्या. शतकाच्या पुढच्या प्रत्येक धावेस बक्षीस देण्याचे एका धनिकाने त्याला कबूल केले आणि डाव संपेतो तो गृहस्थ कामानिमित्त परगावी निघून गेला, अशी आख्यायिका आहे. (वचनाच्या मोबदल्यात केलेली कृती हा पुरेसा मोबदला होय, कॉम्प्टनने फिर्याद लावली असती तर आम्ही त्याचे वकीलपत्र आनंदाने घेतले असते.) खेळाडू विकत घेण्याची चाल २००८ साली आली असे आमचे वडील ज्या ठामपणे सांगतात तो ठामपणा येथे डळमळतो. नायडूंना इंदुरास आणले ते कराराने, कॉम्प्टन आला तो योगायोगाने. जन्माने बांधलेले होते ते फक्त प्रेक्षक.

आणि त्या प्रेक्षकांनी दर्शनी धर्म पाहिला नाही हे नमूद केले पाहिजे. १९४५ साली कलकत्त्यास ऑस्ट्रेलियन सैनिकी संघाविरुद्धच्या सामन्यातून मुश्ताक अलींना वगळले तेव्हा तेथल्या लोकांनी ‘मुश्ताक नाही तर सामना नाही’ अशी घोषणा देऊन निवड समितीचे दुलीपसिंहजी ह्यांना घेरले, आणि मुश्ताकना संघात घेणे भाग पाडले. इंदूरचा मुसलमान, कलकत्त्याचे बंगाली. ना गावाचे नाते, ना जातीचे. ज्याला आपण आजचे व्यक्तिपूजेचे वेड म्हणतो ते तेथे ८० वर्षांपूर्वी उभे होते. आमच्या चिरंजीवांना हा दाखला आम्ही अद्याप सांगितलेला नाही. पुढच्या वादात तो आमच्याविरुद्ध वापरला जाईल.

त्या काळाचा कळस म्हणजे मार्च १९४७ चा बडोदे येथील अंतिम सामना. एका बाजूस गायकवाडांचे बडोदे, दुसऱ्या बाजूस होळकरांचे इंदूर. पेशवाईतले दोन सरदार रणांगणावर नव्हे तर खेळपट्टीवर समोरासमोर आले असे मातामह म्हणत. होळकर पहिल्या डावात २०२. मग हजारे आणि गुल महंमद एकत्र आले आणि चौथ्या गड्यासाठी त्यांनी ५७७ धावा जोडल्या. हजारे २८८, गुल महंमद ३१९. हा विक्रम २००६ सालापर्यंत कोणत्याही गड्यासाठी मोडला गेला नव्हता. बडोदे ७८४, आणि विजय एक डाव व ४०९ धावांनी. गायकवाडांच्या झेंड्याखाली एक मराठी ख्रिस्ती आणि एक लाहोरचा मुसलमान, आणि बडोद्याची हिंदू रयत टाळ्या वाजवीत होती. पाच महिन्यांनी देशाची फाळणी झाली. गुल महंमद पुढे पाकिस्तानात गेले आणि १९५६ साली तिकडून एक कसोटी सामनाही खेळले.

संस्थाने गेली. इंदूर १९४८ साली मध्यभारतात विलीन झाले, बडोदे १९४९ साली मुंबई प्रांतात. परंतु होळकर संघ त्यानंतरही सात हंगाम खेळत राहिला! राज्य नाही, राजा गादीवर नाही, आणि त्याच्या नावाचा संघ अजिंक्यपदे जिंकतो आहे. आमच्या मातामहांची निष्ठा अशा रीतीने एका अस्तित्वात नसलेल्या सरकारशी होती, आणि त्यात त्यांना काही विसंगत वाटत नव्हते. देवळाचा गाव उठून गेला तरी देवाचे महाजन राहतातच की! संघ १९५५ साली संपला तेव्हा त्यांनी क्रिकेट पाहणे जवळजवळ सोडले. मध्य प्रदेशचा संघ त्यांना कधी ‘आपला’ वाटला नाही. २६ जून २०२२ रोजी बेंगळूर येथे चंद्रकांत पंडितांच्या मार्गदर्शनाखाली मध्य प्रदेशाने मुंबईला सहा गडी राखून हरविले आणि पहिल्यांदाच रणजी करंडक मिळविला, तो दिवस पाहावयास ते नव्हते. इंदूरच्या आमच्या मामेभावाचा दूरध्वनी आला आणि तो म्हणाला, “दादा, होळकर जिंकले.” सत्तर वर्षांनंतर!

बडोद्याचा संघ मात्र अजून बडोदे ह्याच नावाने खेळतो. गुजरात राज्यात असून गुजरातच्या संघापासून वेगळा. हार्दिक पंड्या त्याच संघात वाढला. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील मराठी घरांची गोष्ट निराळी. तेथल्या मैदानास हॉकीपटू कॅप्टन रूपसिंग ह्यांचे नाव आहे, आणि त्याच मैदानावर २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिन तेंडुलकरने पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यांतले पहिले द्विशतक काढले. नाव हॉकीचे, गर्दी क्रिकेटची; पन्नास वर्षांत रसिकता कोठून कोठे सरकली हे सांगावयास ती एक पाटी पुरे. बेळगावकरांचे दुःख आम्ही परके असून लिहू नये. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली आणि बेळगावचा मुलगा खेळावयाचा तर म्हैसूरकडून, पुढे कर्नाटकाकडून, हे ठरून गेले. वडील मुंबईच्या संघाचा निकाल मराठी वर्तमानपत्रात पाहणार आणि मुलगा कर्नाटकाच्या संघात जागा मिळावी म्हणून धडपडणार, अशी घरे आमच्या परिचयात आहेत. सीमेचा दावा महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केला. ह्या घरांतला दावा त्याच्याहून जुना आहे.

आता आमच्या वडिलांचे सरदेसाई. दिलीप सरदेसाई ८ ऑगस्ट १९४० रोजी मडगावात जन्मले तेव्हा येथे पोर्तुगीज अंमल होता. ते खेळले मुंबईकडून आणि भारताकडून. गोव्याकडून खेळण्याचा प्रश्नच नव्हता, कारण गोव्याचा संघ रणजी स्पर्धेत उतरला तो १९८५-८६ साली. १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात त्यांनी किंग्स्टनला २१२, पोर्ट ऑफ स्पेनला ११२ आणि ब्रिजटाउनला १५० धावा काढल्या. मालिकेत एकूण ६४२. त्याच मालिकेत सुनील गावसकर ह्या नव्या पोराने ७७४ केल्या. वडील तेव्हा बावीस वर्षांचे. मुक्तीला उणीपुरी दहा वर्षे झालेली, आपण भारताचे कोण लागतो हे बाहेरच्यांना अजून समजावून सांगावे लागे. त्या वेळी मडगावचा माणूस भारताचा पराभव टाळतो, विजय घडवितो, हे वर्तमानपत्रात वाचणे म्हणजे काय होते ते आम्हांस फक्त त्यांच्या आवाजावरून कळते. “आमचो सरदेसाय” हे शब्द ते अजून एका विशिष्ट स्वरात उच्चारतात. धावा त्या माणसाच्या होत्या, पण प्रवेशपत्र सगळ्या गोव्याला मिळाले.

संध्याकाळचे खेळ मात्र चेंडूला लाथ मारण्याचेच. फुटबॉल १८८३ साली एका पाद्र्याबरोबर शिवोलीत आला असे सांगतात, आणि कित्येक वर्षे तो ख्रिस्ती वाड्यांचाच राहिला. पुढे साळगावकर, धेंपे ह्या हिंदू व्यापारी घराण्यांनी आपल्या नावाचे संघ उभे केले आणि त्या संघांसाठी साष्टीतला ख्रिस्ती व फोंड्यातला हिंदू एका बाकावर बसून घसा फोडू लागला. गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर हे आमच्या बालपणी घराघरांतले नाव होते. आमचे वडील पक्के साळगावकरवाले. कंपनीच्या नावाने ओरडणे आणि गावाच्या नावाने ओरडणे ह्यांत त्यांना तेव्हा काही भेद वाटला नाही. आज नातू कंपनीच्या नावाने ओरडतो तेव्हा तो भेद त्यांना लख्ख दिसतो. २०१४ साली नव्या लीगमध्ये एफ. सी. गोवा हा संघ आला. २०१६ साली साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग हे तिन्ही जुने क्लब महासंघाच्या नव्या आराखड्याच्या निषेधार्थ आय-लीगमधून बाहेर पडले. धेंपो पुढे २०२४ साली तेथे परतला. आमचा मुलगा नारिंगी सदरा घालून फातोर्ड्याला जातो. वडील २०१६ नंतर त्या मैदानावर गेलेले नाहीत. घरापासून चालत वीस मिनिटांचे अंतर आहे.

तेव्हा मुलगा करारवाला आणि आजोबा जन्मवाले, अशी वाटणी पुराव्यात टिकत नाही. तरीही काहीतरी बदलले आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पूर्वी प्रेक्षकाला बाजू सोडता येत नसे. फार तर तो मातामहांप्रमाणे खेळ सोडी. आज बाजू सोडता येते, आणि सोडता येते म्हणूनच ती न सोडण्याला काही किंमत आली आहे. सट्टेबाजीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती लोढा समितीने जुलै २०१५ मध्ये चेन्नई आणि राजस्थान ह्या संघांना दोन वर्षांसाठी बाद केले. ज्या निष्ठेला जन्माचा आधार नाही ती दोन वर्षांत विरून जाईल असे कोणासही वाटले असते. २०१८ साली चेन्नईचा संघ परतला, कावेरीच्या आंदोलनामुळे त्याचे सामने पुण्याला हलवावे लागले, तेव्हा चेन्नईहून पुण्याला प्रेक्षकांची एक खास आगगाडी भरून आली. पिवळे सदरे घातलेली ती तरुण पोरे रांचीच्या एका माणसासाठी हजार किलोमीटरहून थोडे अधिक अंतर काटून आली होती. त्या वर्षी चेन्नई जिंकली. वारीची उपमा आम्ही जपून वापरतो. येथे वापरावीशी वाटली.

ह्याच्या उलट बाजूचे एक प्रकरण आमच्या कचेरीत आले होते. एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. मुलगा विशीतला, मोबाइलवर दोन्ही संघांतले खेळाडू निवडून आपला काल्पनिक संघ बनवावयाचा आणि त्यावर पैसे लावावयाचे, ह्या नादात त्याने घरचे बरेच पैसे घालविले होते. आम्ही त्याला सहज विचारले, “तुझा संघ कोणता?” तो म्हणाला, “रोज वेगळा.” फलंदाज ह्या बाजूचा, गोलंदाज त्या बाजूचा, आपल्या गोलंदाजाने आपल्याच फलंदाजाला बाद केले तर आनंद मानावा की शोक, हा हिशेब तो गुणांत करीत होता. १९५७ साली चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुगार हा व्यापारच नव्हे असे म्हटले. कौशल्याचा खेळ मात्र जुगार नव्हे, आणि हे मोबाइलवरचे खेळ कौशल्याचे, असे पुढे काही न्यायालयांनी धरले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावण्याच्या अशा ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. कायद्याची बाजू आम्हांस समजते. “रोज वेगळा” हे उत्तर मात्र आमच्या मनातून जात नाही.

आणि ४ जून २०२५. आदल्या रात्री बेंगळूरचा संघ अठरा वर्षांत पहिल्यांदा जिंकला होता, इंदूरच्या रजत पाटीदारच्या कप्तानीखाली. इंदुरात आमच्या मामेभावाने पेढे वाटले. म्हणजे ‘खंयचो’ हा प्रश्न तेथे अजून जिवंत होता. दुसऱ्या दिवशी बेंगळूरच्या मैदानाबाहेर गर्दीत चेंगरून ११ जण मृत्युमुखी पडले, त्यांत बहुतेक तरुण. आमच्या मुलाने त्या दिवशी कोणाशी वाद घातला नाही. वडिलांनी त्याला जवळ बोलावून, जत्रेच्या गर्दीत रथाच्या वेळी कोठे उभे राहू नये, हे त्यांच्या वडिलांनी त्यांना कसे शिकविले होते, ते सांगितले. हंगामभरात त्या दोघांचे इतके शांत संभाषण आम्ही ऐकले नव्हते.

पंड्याचे पुढे काय झाले ते सांगितले पाहिजे. जून २०२४ मध्ये भारताने विश्वचषक जिंकला, अंतिम सामन्यातले शेवटचे षटक त्याने टाकले, आणि ४ जुलैला त्याच वानखेडेवर, त्याच प्रेक्षकांनी त्याच्या नावाचा जयघोष केला. “पळय आतां,” वडील म्हणाले. नातवाने, आपण तेव्हाही बरोबर होतो आणि आताही बरोबर आहोत, असे उत्तर दिले. दोन्ही निकाल एकाच न्यायाधीशाचे, आणि अपील कोठेच नाही.

आमच्या घरात आणखी एक प्रेक्षक आहे, तिचा उल्लेख इतका वेळ राहून गेला. आणि राहून जातो हीच मुद्द्याची गोष्ट आहे. आमची कन्या बारा वर्षांची. बहुतेक देवस्थानांत महाजनांच्या वहीत मुलीचे नाव चढत नाही. भावाचे चढेल, तिचे नाही. जन्मसिद्ध हक्काची भाषा तिच्यापुढे बोलताना आम्ही जरा चाचरतो. २ नोव्हेंबर २०२५ रोजी तुळशीचे लग्न होते आणि त्याच दिवशी नवी मुंबईत स्त्रियांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना. पावसामुळे खेळ दोन तास उशिरा सुरू झाला, म्हणून एकीकडे अंगणात वृंदावनाला उसाचे मांडव, चिंचा-आवळे, अंतरपाट, आणि दुसरीकडे आत भारताचा डाव. कन्या मंगलाष्टकांच्या दोन कडव्यांमध्ये आत पळून धावसंख्या आणीत होती. भारत २९८. फराळ झाला, पाहुणे गेले. दक्षिण आफ्रिकेची कप्तान शतक करून बाद झाली तेव्हा घरात जागे असे चौघेच होतो. मध्यरात्रीच्या सुमारास हरमनप्रीतने शेवटचा झेल घेतला. भारत ५२ धावांनी जिंकला, आणि कन्येने पाठीवर स्मृती मानधनाचे नाव असलेला सदरा घालून घरभर धुमाकूळ घातला.

वडिलांनी तिला थांबवून नावाकडे बोट दाखविले.

“ही खंयची गो?”

“सांगलीची, आजो.”

“सांगली? म्हळ्यार हजाऱ्याच्या गांवची.”

“हजारे कोण?”

वडिलांनी घड्याळाकडे पाहिले, मग आमच्याकडे, आणि तिला आपल्या शेजारी खुर्चीवर बसविले. ३०९ चा हिशेब त्यांनी पहिल्या डावापासून सुरू केला. आम्ही अंगणातला दिवा मालवावयास गेलो, परत आलो, तेव्हा विवेक हजारे अजून एकवीसवर खेळत होता.